तालमीचा तास

दिवाळीची सुट्टी संपली की महाराष्ट्रातल्या बहुतेक हायस्कुलांत गॅदरिंगची गडबड सुरू होते. नाटकाची हौस असलेले एखादे सर किंवा बाई पुढे येतात. वर्गावर्गांतून खणखणीत आवाजाची, न लाजणारी, पाठांतर पक्कं असलेली दहा-बारा मुलं निवडली जातात. शाळा सुटल्यावर तालमी होतात, कपडेपट भाड्याने येतो आणि डिसेंबर-जानेवारीतल्या एका संध्याकाळी पालकांसमोर पडदा उघडतो. उरलेली मुलं टाळ्या वाजवतात. शाळेतलं नाटक म्हणून आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एवढंच घडतं आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नाही, कारण प्रयोग बरा होतो, मुलं गोड दिसतात, फोटोही छान येतात. पण पोहण्याच्या तासाला फक्त पट्टीच्या पोहणाऱ्यांना पाण्यात उतरवून बाकीच्यांना काठावर बसवावं, तसा हा प्रकार आहे. ज्यांना चारचौघांत बोलता येतं त्यांनाच निवडून बोलायला शिकवायचं आणि ज्यांच्या तोंडून वर्षभर वर्गात शब्द फुटत नाही त्यांना खुर्च्या मांडायला लावायचं. तेरा ते सोळा या वयातल्या मुलांना नाटक जे देऊ शकतं त्यातलं बहुतेक तालमीत मिळतं, प्रयोगाच्या संध्याकाळी त्याचा जेमतेम शेवट होतो. म्हणून तालीम शाळा सुटल्यानंतरच्या वेळेतून वेळापत्रकात यायला हवी आणि निवडक दहांकडून अख्ख्या वर्गाकडे जायला हवी. वर्षअखेरीस प्रयोग झाला नाही तरी चालेल.

नाटकवेड्या म्हणवणाऱ्या प्रदेशात हे मुद्दाम सांगावं लागतं, हे जरा विचित्रच आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासूनचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. लहान मुलांसाठी 1959 मध्ये सुधा करमरकरांनी मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, 1962 मध्ये रत्नाकर मतकरींची ‘बालनाट्य’ संस्था उभी राहिली. 1986 मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची रीत पुण्यात आली. राजा-राणी आणि चेटकीण बाजूला पडली, मोठे नट मुलांच्या भूमिकांत शिरून घरातल्या आणि शाळेतल्या खऱ्या अडचणी मांडू लागले. कॉलेजात गेलेल्यांसाठी महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून आहेच. म्हणजे धाकट्यांसाठी बालनाट्य आहे, थोरल्यांसाठी एकांकिका आहे. मधली आठवी ते दहावीची तीन वर्षं मात्र जवळजवळ मोकळी आहेत. आंतरशालेय स्पर्धा होतात, राज्य शासनाची बालनाट्य स्पर्धाही होते, पण तिथे पुन्हा निवडक मुलंच जातात. पाठ्यपुस्तकाचं म्हणाल तर अकरावीच्या मराठी ‘युवकभारती’त नाटक हा साहित्यप्रकार म्हणून नेमला गेला आणि ‘हसवाफसवी’, ‘ध्यानीमनी’, ‘सुंदर मी होणार’ यांतले उतारे मुलांपुढे आले. ही निवड फार चांगली आहे. तरी परीक्षेत त्यांच्यावर स्वभाववैशिष्ट्ये लिहा आणि संवादांचं सौंदर्य स्पष्ट करा अशाच धर्तीचे प्रश्न येणार, त्यामुळे हे संवाद एकदाही मोठ्याने न म्हणता पैकीच्या पैकी गुण मिळवता येतात. नववी-दहावीला ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा विषय आहे, पण तो श्रेणीचा, आणि श्रेणीच्या विषयाचा तास गणिताचा भाग मागे पडला की कुणाकडे जातो हे मुलांनाही ठाऊक असतं. चित्रकलेची गोष्ट वेगळी आहे. तिला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या जुन्या परीक्षांचा आधार आहे, दहावीत वाढीव गुण आहेत, शाळेत कलाशिक्षकाचं पद आहे. नाटकाच्या वाट्याला यातलं फारसं काही आलं नाही.

धोरणांचं पाठबळ नाही असंही नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण सक्तीचं असावं असं म्हटलं होतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमातलं आणि अभ्यासक्रमाबाहेरचं यांतली भिंत पाडायची भाषा केली. शालेय शिक्षणाच्या 2023 च्या आराखड्यात दृश्यकला, संगीत, नृत्य आणि नाट्य अशा चारही कलांना जागा आहे, आणि एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘कृती’ या पुस्तकात नाट्याचे धडेही आले आहेत. पण कागदावरून वर्गात यायचं तर मुख्याध्यापकांना पटावं लागतं, आणि पटवणारे बहुधा चुकीचा पुरावा पुढे करतात.

तो पुरावा असा. 1999 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेम्स कॅटरॉल यांनी पंचवीस हजारांहून अधिक अमेरिकन विद्यार्थ्यांच्या माहितीचा अभ्यास मांडला. कलांमध्ये रमलेल्या मुलांची अभ्यासातली कामगिरी इतरांपेक्षा चांगली असल्याचं त्यात दिसलं. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेच्या आकड्यांतही, नाटक शिकलेल्यांना जास्त गुण, असंच चित्र दिसतं. असे आकडे भित्तिपत्रकावर शोभतात, पण त्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. चांगल्या शाळांत नाटकाचे वर्ग असण्याची शक्यता जास्त असते, सुस्थितीतले पालक मुलांना तिथे घालतात आणि आत्मविश्वास असलेली मुलं स्वतःहून नाटकाकडे वळतात. ती मुलं नाटक न करताही पुढेच राहिली असती. आपल्या गॅदरिंगचंही तेच आहे. नाटकात काम करणारी मुलं हुशार दिसतात, कारण आपण हुशार मुलांनाच नाटकात घेतलेलं असतं.

म्हणून हार्वर्डच्या ‘प्रोजेक्ट झीरो’मधल्या एलन विनर आणि लोइस हेटलँड यांचं 2000 साली प्रसिद्ध झालेलं काम मला जास्त मोलाचं वाटतं. कला शिकल्याने अभ्यास सुधारतो या दाव्याच्या बाजूचं आणि विरुद्धचं 1950 पासूनचं संशोधन त्यांनी गोळा करून तपासलं, आणि कलाप्रेमी मंडळींची निराशा केली. बहुतेक दाव्यांना कार्यकारणाचा आधार मिळाला नाही. चित्रं काढल्याने वाचन सुधारतं असं दिसलं नाही. जे मोजके दावे टिकले त्यांत वर्गातलं नाट्य आणि भाषिक कौशल्य यांचा संबंध होता. त्या प्रकल्पातल्या अ‍ॅन पॉडलोझ्नी यांनी 80 अभ्यासांची एकत्रित छाननी केली. मुलांनी गोष्ट साकारली की ती त्यांना जास्त समजते आणि जास्त लक्षात राहते, हे अपेक्षितच होतं. पण कधीच न साकारलेला, नवा मजकूर समजून घेण्यातही ती मुलं सरस ठरली. साकारलेल्या मजकुराइतका हा परिणाम मोठा नव्हता, तरी स्पष्ट होता. शिवाय हे अभ्यास रंगमंचावरच्या प्रयोगांचे नव्हते, वर्गात बाकं सरकवून केलेल्या नाट्याचे होते, आणि इथे हाच तपशील सगळ्यांत महत्त्वाचा. भाषेवरचा ज्याचा परिणाम सिद्ध झाला आहे ते प्रेक्षकांशिवायचं नाटक आहे.

यातले बरेच प्रयोग लहान वर्गांवर झाले होते, हा आक्षेप रास्त आहे. हायस्कूलच्या वयासाठी वेगळीकडे पाहावं लागतं. 2012 मध्ये थॅलिया गोल्डस्टीन आणि एलन विनर यांनी अभिनय शिकणाऱ्या आणि दुसऱ्या कला शिकणाऱ्या मुलांची सुमारे वर्षभराच्या अंतराने तुलना केली. अभिनय शिकणाऱ्यांमध्ये सहानुभाव वाढलेला दिसला, आणि किशोरवयीन मुलांत, समोरच्याच्या मनात काय चाललं असेल हे ओळखण्याची क्षमताही वाढली होती. मुलांनी आपापली कला आधीच निवडलेली होती, त्यामुळे हा पुरावा निर्विवाद म्हणता येणार नाही. आर्कान्सा विद्यापीठातल्या जे ग्रीन यांच्या गटाने 2014 मध्ये हाही दोष टाळला. सातवी ते बारावीच्या वर्गांपैकी कुणी ‘हॅम्लेट’ किंवा ‘अ ख्रिसमस कॅरल’चा प्रयोग पाहायला जायचं हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. नाटक पाहून आलेल्यांना कथानक आणि त्यातले शब्द जास्त कळले होते. फोटोतल्या माणसाच्या फक्त डोळ्यांवरून त्याची भावना ओळखण्याच्या चाचणीतही ते थोडे पुढे होते. ह्यूस्टनमध्ये 42 शाळांत अशाच सोडतीने काही शाळांना संगीत, नृत्य, नाट्य आणि चित्रकला यांचे जास्तीचे कार्यक्रम देण्यात आले. 2019 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार शिस्तभंगाची कारवाई झालेल्या मुलांचं प्रमाण 3.6 टक्के बिंदूंनी घटलं, लेखनाचे गुण वाढले आणि दुसऱ्याबद्दलची आस्था थोडी वाढली. गणितात फरक पडला असं कुणी म्हटलं नाही. टोरांटोच्या ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या मुलांवर 2004 मध्ये केलेल्या प्रयोगात तर संगीत शिकणाऱ्यांचा बुद्ध्यंक किंचित वाढला आणि नाटक शिकणाऱ्यांचा तसा वाढला नाही. त्यांचं वाढलं ते इतरांशी वागण्यातलं शहाणपण. गणिताचे गुण वाढवण्यासाठी नाटक मागणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा आणि ती मागणी सोडून द्यावी. नाटकाचं देणं दोन गोष्टींपुरतं आहे, भाषा आणि दुसऱ्याचं मन. दोन्हींची टंचाई हायस्कुलात सर्वांत जास्त असते.

हे घडतं कसं, ते एखाद्या तासाकडे बारकाईने पाहिल्याशिवाय कळत नाही. इतिहासाच्या पुस्तकात 1875 च्या दख्खनच्या दंग्यांचा उल्लेख येतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपताच तो कोसळला, शेतसारा मात्र वाढलेला होता, शेतकरी सावकारांच्या कर्जात बुडाले आणि 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. परीक्षेत कारणं लिहा म्हणून चार मुद्दे विचारले जातात, मुलं चार मुद्दे लिहितात. आता हाच धडा तालमीच्या तासाला घ्या. वर्ग म्हणजे सुपे. पोशाख नाही, रंग नाही, पाठ केलेला संवाद नाही. दहा-पंधरा जण कर्जदार कुळं, चौघं सावकार, दोघं त्यांचे कारकून, एक पाटील, काही जण बायका, काही पुण्याहून आलेले बातमीदार. शिक्षक स्वतः सरकारी चौकशी अधिकारी होऊन दारातून आत येतात आणि विचारतात, ‘वह्या कुणी जाळल्या?’ कुळं झालेल्या मुलांना पहिला धक्का बसतो तो हा, की आपल्याला वाचता येत नाही. खतावर काय लिहिलंय हे फक्त कारकुनाला ठाऊक आहे आणि आपला अंगठा मात्र त्यावर आहे. सावकार झालेल्या मुलाची अडचण आणखी मोठी. त्याला खलनायकी हसून भागत नाही, कारण चौकशी अधिकारी त्याला हिशेब मागतोय. व्याज एवढं का? सारा रोख भरावा लागतो, तेव्हा रोकड कोण देतं? शहरातल्या मोठ्या पेढीकडून तूही उसनी रक्कम आणली होतीस का? उत्तर द्यायचं तर त्याला पुस्तकात परत जावं लागतं, आणि या खेपेला तो पुस्तक स्वतःच्या गरजेने वाचतो. मग शिक्षक प्रसंग थांबवतात. सावकाराने कुळ व्हायचं, कुळाने कारकून व्हायचं, आणि तोच प्रश्न पुन्हा. शेवटी प्रत्येकाने आपापल्या पात्राची जबानी लेखी द्यायची. निबंधाच्या तासाला ‘सर, किती ओळी?’ विचारणारी मुलं इथे तो प्रश्न विचारत नाहीत, कारण काय सांगायचं आहे ते त्यांच्याजवळ आधीच असतं.

वर्णन केलेल्या या रीतीला मोठी परंपरा आहे. शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरून वर्ग चालवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट यांनी न्यूकॅसलला अनेक वर्षं घडवली. त्यांच्या वर्गात मुलांकडून अभिनय करवून घेतला जात नसे, मुलांवर जबाबदारी टाकली जाई. तुम्ही तज्ज्ञ आहात, गावावर संकट आलं आहे, निर्णय तुम्हीच घ्यायचा आहे. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी प्रसंग मध्येच थांबवून प्रेक्षकातल्या माणसाला पात्राची जागा घ्यायला लावली. कॉव्हेन्ट्रीच्या बेलग्रेड थिएटरने 1965 मध्ये नटांनाच शाळेत पाठवायला सुरुवात केली, आणि आपल्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाने 1989 मध्ये शिक्षणनाट्याचा स्वतंत्र चमू उभा केला. त्याच्याही कितीतरी आधी शांतिनिकेतनात रवींद्रनाथ शाळेतल्या मुलांसाठी नाटकं लिहीत होते आणि त्यांत मुलांबरोबर शिक्षकही उतरत होते. मराठीत माझ्या मते यातलं सर्वांत लक्षणीय काम मतकरींनी आयुष्याच्या उत्तरार्धात केलं. 2014 मध्ये त्यांनी ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. बालरंगभूमीवर अर्धशतक गाजवलेल्या या लेखकाने वस्त्यांमधल्या किशोरवयीन मुलांना स्वतःची नाटकं हाती दिली नाहीत. त्यांच्या त्यांच्या जगण्यातले विषय त्यांनीच निवडायचे, संवाद त्यांनीच घडवायचे, असा तो मार्ग होता. तयार संहिता पाठ करून म्हणणं आणि आपलं म्हणणं संहितेत आणणं यांतलं अंतर मतकरींइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता विरोधातले मुद्दे. पहिला अर्थातच दहावीचा. पोर्शन संपत नाही आणि नाटक कुठून आणता, हा प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकाला मूर्ख समजणं अन्यायाचं ठरेल, कारण निकालाचा जाब त्यालाच द्यावा लागतो. पण वरच्या सुप्याच्या तासात इतिहासाचा पोर्शनच पुढे सरकतो. भाषेच्या आणि समाजशास्त्राच्या तासांतून आठवड्याला एक तास या रीतीने घेतला तर नवा भार येत नाही, शिकवण्याची तऱ्हा बदलते. सगळेच धडे असे घेता येणार नाहीत, घेऊही नयेत. व्याकरण फळ्यावरच शिकवलेलं बरं.

दुसरा मुद्दा लाजाळू मुलांचा. अबोल मुलाला सगळ्यांसमोर उभं करणं ही शिक्षा नव्हे काय? रंगमंचावर ढकललं तर आहेच. पण वर्गनाट्यात पाहणारं कुणी नसतं, सगळेच कामात असतात. बोलायची भीती मुळात ‘मी’ म्हणून बोलण्याची असते, आणि भूमिका नेमकी तीच जोखीम काढून घेते. चूक झाली तर ती कारकुनाची होते, आपली नाही. शिवाय सगळ्यांनी बोललंच पाहिजे असंही नाही. बाजारपेठेचा नकाशा काढणं, चौकशीची टिपणं घेणं, प्रकाश आणि ध्वनी सांभाळणं, कोण कुठून येईल हे आखणं, ही नाटकाचीच कामं आहेत. गॅदरिंगमध्ये ती उरलेल्यांच्या गळ्यात पडतात, अभ्यासक्रमात त्यांना अभिनयाच्या बरोबरीने बसवता येतं.

तिसरा आक्षेप जास्त धारदार आहे, आणि तो नाटकावर प्रेम असलेल्यांकडून येतो. नाटकाचा विषय केलात की पुस्तक येईल, पुस्तकामागून गाईड येईल, ‘अभिनयाचे चार प्रकार सांगा’ असा दोन गुणांचा प्रश्न येईल आणि मुलांना नाटकाचाच वीट येईल. ही भीती खरी आहे. आपल्याकडे कवितेचं रसग्रहण असंच ठरीव उत्तर होऊन बसलं आहे. तेव्हा मूल्यमापन कशाचं होणार यावर सगळं अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी द्यायच्या जीसीएसई परीक्षेत ‘ड्रामा’ हा ऐच्छिक विषय आहे. तिथल्या एक्यूए या परीक्षा मंडळाने 2016 पासून लागू केलेल्या आराखड्यात 40 टक्के भार लेखी परीक्षेला, 40 टक्के मुलांनी मिळून रचलेल्या नाट्याला आणि 20 टक्के तयार संहितेतले प्रवेश सादर करण्याला होता. लेखी परीक्षेत प्रत्यक्ष पाहिलेल्या एका प्रयोगावर लिहायचं. मधला भाग खरा पाहण्याजोगा आहे. रचलेल्या नाट्याच्या 80 गुणांपैकी प्रयोगाला 20 आणि तालमीच्या नोंदवहीला 60. कल्पना कुठून आली, काय करून पाहिलं, काय फसलं, का बदललं, गटात कुणाचं कशावरून पटलं नाही, हे त्या वहीत लिहायचं. ज्याला अभिनय करायचा नाही त्याने प्रकाशयोजना, वेशभूषा किंवा नेपथ्य निवडायचं. तालमीला प्रयोगाच्या तिप्पट मोल देणारी ही विभागणी आपल्याकडच्या कुठल्याही स्पर्धेच्या परीक्षकाला चक्रावून टाकेल. गाईड निघालंच तर या वहीत फार उपयोगी पडणार नाही, कारण तुमच्या गटाचं भांडण गाईडमध्ये नसतं.

मात्र इंग्लंडचं उदाहरण सांगताना तिथली पडझडही सांगायला हवी. 1988 च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला तेव्हा चित्रकला आणि संगीताला स्वतंत्र विषयांचा दर्जा मिळाला, नाटक इंग्रजी विषयाच्या पोटात राहिलं. पुढे 2010 मध्ये शाळांचं यश मोजण्यासाठी ठरावीक विषयांचा संच पुढे आला, त्यात कला नव्हत्या, आणि नंतरच्या दशकात ड्रामा घेणाऱ्या मुलांची संख्या घटत गेली. यावरून काही जण म्हणतील, बघा, विषय करूनही टिकलं नाही. मला उलट दिसतं. जे मोजलं जात नाही त्याला शाळा जागा देत नाही. भाषेच्या पोटात ठेवलेलं नाटक भाषेच्या शिक्षकाच्या मर्जीवर जगतं, हा धोका आपल्यालाही आहे. म्हणून भाषेच्या तासातून सुरुवात करावी, पण तिथेच थांबू नये.

शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो, आणि तो वाटतो तेवढा अवघड नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स 2003 पासून, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. इथून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणांपुढे मालिका, सिनेमा किंवा शिबिरं एवढ्याच वाटा असतात. ते सगळेच चांगले शिक्षक होतील असं नाही. नट होण्याची हुकलेली संधी मुलांवर भागवणारे शिक्षक गॅदरिंगमध्ये पाहायला मिळतातच. म्हणून त्यांना शिक्षणशास्त्राची जोड द्यावी लागेल. पण पद असेल तर माणसं घडतात, हे चित्रकलेच्या बाबतीत महाराष्ट्राने सिद्ध केलं आहे. शेजारचं गोवा या बाबतीत आपल्या पुढे आहे. तिथल्या हायस्कुलांत नाट्यकला शिकवली जाते आणि पणजीच्या कला अकादमीच्या नाट्यविद्यालयातून शिकलेली मंडळी नाट्यशिक्षक म्हणून काम करतात. आपल्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या राज्याला जे परवडतं ते आपल्याला परवडत नाही, असं म्हणणं कठीण आहे.

राहता राहिली स्पर्धांची बाजू. स्पर्धांनी मराठी रंगभूमीला नट दिले, लेखक-दिग्दर्शक दिले, हे खरंच आहे, आणि त्या बंद कराव्यात असं इथे कुणी म्हणत नाही. रंगभूमीला नट हवेत, ती निवड करणारच. शाळेचं काम निराळं आहे. पन्नास मुलांच्या वर्गातून एक नट निघेल किंवा निघणार नाही, पण सगळे पन्नास जण पुढे कुठल्यातरी मुलाखतीत, ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत, पोलीस चौकीत किंवा दवाखान्यात तोंड उघडणार आहेत आणि समोरच्याचं ऐकणार आहेत. त्यांना तेवढं यावं यासाठी करंडकाची गरज नाही.

मुख्याध्यापक जूनचं वेळापत्रक एप्रिल-मेमध्येच आखतात. मुलं आठवीत जाणार असतील तर पालक-शिक्षक संघाच्या त्याआधीच्या बैठकीत एवढंच मागावं: आठवीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास, भाषेच्या किंवा समाजशास्त्राच्या शिक्षकाकडेच, बाकं बाजूला सरकवून, आणि प्रत्येक मुलाची एक तालीमवही. पहिल्या वर्षी नवं पद लागत नाही, कपडेपट लागत नाही, मंचही लागत नाही. नववीपर्यंत थांबू नये, कारण नववीनंतर कुठलीही शाळा कुणाला तास देत नाही.